वगळलेल्या ओळी

३ फेब्रुवारी

वहिनी,

तळहात हनुवटीखाली, तोंड उघडं, आणि ठकी पाचव्यांदा 'बास्केट' म्हणते आहे. मी समोर बसून हे लिहिते आहे आणि मोजते आहे. हनुवटी दोनदा हाताला लागते. तीनदा लागेल, असं मी तिला सांगितलं होतं.

हे नवीन खूळ शाळेतल्या वाचनाच्या बाईंचं. शब्द लांब असला की तुझी मुलगी त्याचं पहिलं अक्षर बघते आणि पुढचं मनाने ठोकून देते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शब्द तोडायचा. बोलताना जबडा जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे. मी तिला आपल्या रीतीने शिकवलं होतं: बा, स्के, ट. तीन अक्षरं, तीन तुकडे. बाईंनी त्यावर काट मारली नाही. शेजारी 'बास-केट' असं दोन तुकड्यांत लिहून ठेवलं. काट मारली असती तर मला बरं वाटलं असतं. काट मारणारा माणूस निदान समोरून येतो.

या बाई दर गुरुवारी घरी येतात. शाळेतल्या बाई घरी कशाला येतात? मी विचारलं. म्हणाल्या, वर्गात चाळीस मुलं, तिथे वेळ मिळत नाही. पहिल्या दिवशी आल्या त्या आधी खिडकीपाशी गेल्या. मग ठकी झोपते कुठे, ते विचारलं.

"दोघी एकाच पलंगावर?"

"पलंग मोठा आहे," मी म्हटलं.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. पलंग मोठा आहे एवढं लिहायला दोन ओळी लागत नाहीत.

तू म्हणशील, ताईंना सगळीकडे भुतं दिसतात. दिसतात. लाँड्रीत माझं काम अजून तेच आहे. कपडे धुवायला जाण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करायचा. निघेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर कपड्याचा नंबर लिहायचा, आणि कपडा परत देताना ते त्याला टाचून द्यायचं. आतलं वाचायचं नाही, हा मालकांचा नियम. पण न वाचताही कळतं. एकोणीस वर्षं खिसे उलटे केल्यावर माणूस आत येतो तेव्हाच मला त्याचं अस्तर दिसतं.

आता तुझा प्रश्न. मे महिन्यात तुला तिथे दोन खोल्यांची जागा मिळते आहे आणि तू ठकीला न्यायचं म्हणतेस. पण आधी तिला विचार, असंही म्हणतेस.

विचारलं. नको म्हणाली.

पुन्हा पुन्हा विचारून पोरीला रडवण्यात अर्थ नाही. आठ वर्षांच्या मुलीला एकच घर कळतं.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पाकीट आलं. माझ्यासाठी अर्धं पान, ठकीसाठी दीड. तुझ्या ऑफिसच्या मशीनवर मराठी नाही आणि ठकीच्या शाळेतही नाही, म्हणून तू तिला इंग्रजीत टाइप करून लिहितेस, हे मला ठाऊक आहे. मी ते तिला मराठीत वाचून दाखवते. अकरा पत्रं अशी वाचली. कधी तक्रार आली नाही.

पण या अकराव्या पत्रात शब्दांच्या मध्ये रेघा आहेत. 'टु-मॉ-रो.' 'विन-डो.' 'रि-मेम-बर.' सबंध दीड पान असं चिरलेलं. आधीच्या दहांत एकही रेघ नाही.

हे तुला कोणी सांगितलं?

मी सांगितलेलं नाही. माझं पत्र तुला त्याच आठवड्यात मिळालं असेल, पण रेघा कुठे मारायच्या ते त्यात नव्हतं. 'बास्केट' सोडून एकही शब्द नव्हता. तुला कोणीतरी यादी पाठवली आहे.

नेहमीसारखं जेवण झाल्यावर वाचून दाखवलं. तुझ्या ऑफिसातली नवी खिडकी, जिन्यातली मांजर, सगळं. ठकी माझ्या खांद्यापाशी येऊन उभी राहिली. पूर्वी ती समोर बसायची.

"आत्या, मला दे ना. मी बघते."

"तुला येणार नाही. शब्द मोठे आहेत."

"पण यात रेघा आहेत. बाईंसारख्या."

"हात तेलकट आहेत तुझे."

ती हात धुऊन आली. तोवर मी पत्र घडी करून कपाटावर ठेवलं होतं. तिने कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दुसऱ्या पानावर खालपर्यंत लिहिलं होतं. तू मधेच थांबलीस."

"तेवढंच होतं."

"मग खाली काय होतं?"

"मोठ्यांचं."

तू मोठ्यांचं तिच्या पानावर का लिहितेस? माझ्यासाठी वेगळं अर्धं पान असतं ना?

कामावर इस्त्रीवाल्या काकांना ही रेघांची गोष्ट सांगितली, नावं न घेता. ते इस्त्री उभी करून हसले. "ताई, तुम्ही वर गेलात ना, तर आत शिरण्याआधी यमाचा खिसा उलटा कराल."

"निघेल काहीतरी," मी म्हटलं.

"निघेल! पण तो तुमचाही करेल, त्याचं काय?"

काका बडबड्या माणूस आहे. त्यांच्या बोलण्याचा मी विचार करत नाही. तुझ्या उत्तराची वाट बघते. कोणी सांगितलं, एवढंच लिही.

तुझी ताई

२ मार्च

वहिनी,

तू उत्तरात लिहितेस, "काय फरक पडतो?" म्हणजे फरक पडतो.

तू सांगितलं नाहीस तरी मला कळलं. सोमवारी कपड्यांच्या ढिगात एक करडा कोट आला. कॉलरीला खडूची पूड, उजव्या बाहीला शाईचा डाग. नंबराची पट्टी शिवताना चिठ्ठीवर नाव बघितलं: वाचनाच्या बाई. आतला खिसा उलटा केला. रुमाल, दोन खडू, आणि एक पाकीट. पाकिटावर तुझं अक्षर. तुझा 'श' मला कुठेही ओळखू येतो, पोटात गाठ मारल्यासारखा.

मी ते उघडलं नाही. नियम तो नियम. मोठ्या पाकिटात घातलं, नंबर लिहिला, टाचून ठेवलं. बुधवारी बाई कोट न्यायला आल्या. पाकीट बघितलं, मला बघितलं.

"खिशात राहिलं होतं वाटतं," त्या म्हणाल्या.

"राहतं बऱ्याच जणांचं."

"थँक यू."

"आमचा नियमच आहे."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. त्या वेळेवर आल्या. ठकीला मी खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंकडे पाठवलं होतं, फ्रॉकचं माप द्यायला. टेबलापाशी आम्ही दोघीच. पाणी दिलं. मग विचारलं.

"तिच्या आईची आणि तुमची ओळख कुठली?"

बाई दचकल्या नाहीत. याचा अर्थ त्या तयार होऊन आल्या होत्या. "पत्राची."

"आधी कोणी लिहिलं?"

"मी लिहिलं. शाळेच्या कागदांत पत्ता होता. मुलगी दुसरीत आली आणि वाचत नाही, हे आईला कळायला नको?"

"मी कळवते सगळं."

"सगळं?"

त्यांनी हा शब्द मोठ्याने म्हटला नाही. पण वहिनी, ज्या माणसाला काही ठाऊक नसतं तो इतक्या हळू विचारत नाही.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही शब्द तोडायला येता की घर?"

त्यांनी वही मिटली. "मी ठकीला वाचायला शिकवायला येते. ती शिकते आहे. परवा वर्गात तिने अख्खी गोष्ट वाचली. तुम्हाला सांगितलं नाही तिने?"

नाही सांगितलं.

"घरी ती वाचत नाही," मी म्हटलं.

"हो," बाई म्हणाल्या. "घरी ती वाचत नाही."

उद्यापासून येऊ नका, असं मी त्यांना सांगितलं. गुरुवारी येतात त्यांना 'उद्यापासून' म्हणणं चूक होतं, पण त्या समजल्या. जाताना टेबलावर एक पातळ पुस्तिका ठेवून गेल्या. शब्द कसे तोडायचे त्याची. विसरल्या की ठेवली, कोण जाणे. विसरणाऱ्यातल्या त्या नाहीत.

तू त्यांना काय लिहिलंस?

ताई

१२ मार्च

वहिनी,

तुझ्याकडून काही नाही. दहा दिवस झाले. म्हणून मीच लिहिते.

बाई येत नाहीत. त्यांच्या पुस्तिकेवरून मी शिकवते. आधी मी शिकते, मग तिला. दुपारी लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत काका पान खातात आणि मी शब्द तोडते. मला इंग्रजी वाचता येतं, पण आजवर अख्खंच वाचत आले. हाड कुठे आणि सांधा कुठे, हे कधी बघितलं नव्हतं. एका तुकड्यात एक स्वर हवा. दोन व्यंजनं शेजारी आली की बहुतेक वेळा त्यांच्या मधून सुरी घालायची. शेवटी 'ई' असला तर तो बऱ्याचदा मुका, त्याचा तुकडा धरायचा नाही. स्वतः बोलत नाही, पण मागे बसून आधीच्या स्वराचा आवाज बदलतो. अशी माणसं मी पाहिली आहेत.

ठकी माझ्यासमोर बसते. मी शब्द दाखवते. ती शब्दाकडे बघत नाही, माझ्याकडे बघते.

"तोड."

"तूच तोड."

"तुला येत नाही का?"

"नाही."

"बाई म्हणाल्या, वर्गात गोष्ट वाचलीस."

"ती सोपी होती."

"हा शब्द त्याच गोष्टीतला आहे."

वहिनी, ती खोटं बोलते. घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी दोन गेल्यावर उरलेल्या एकाकडूनच मूल सगळं शिकतं, त्यामुळे कोणाकडून शिकली ते मी विचारत नाही.

एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात लिहिलं, पाकीट उघडलं नाही. उघडलं होतं. कपडे वाफवायच्या खोलीत नेलं. बाईंनी वाचून झाकण परत चिकटवून ठेवलं होतं, तो डिंक लगेच सुटला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

तू बाईंना लिहिलं होतंस: "नणंद लिहितात, ती नको म्हणते. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं आहे. ती स्वतः वाचायला लागेपर्यंत मी थांबेन. मग एकदा विचारीन. नको म्हणाली तर पुन्हा विचारणार नाही. नणंदेला दुखवू नका. दोन वर्षं त्यांनीच तिला वाढवलं आहे."

हे मी चार वेळा वाचलं. शेवटचं वाक्य कोणासाठी लिहिलंस? बाईंना दाखवायला, की मी उघडीन हे ओळखून माझ्यासाठी? माझ्याबद्दल कोणी चांगलं लिहिलं की मी कागद उजेडात धरते.

आणि 'मी थांबेन' म्हणजे काय? माझ्या डोक्यावर घड्याळ लावून ठेवायचं आणि त्याचे काटे माझ्याच पोरीच्या हातात द्यायचे, असंच ना? तिने एक शब्द तोडला की एक दिवस कमी.

'माझ्याच पोरीच्या' लिहिलं गेलं. खोडत नाही.

काल शाळेतून चिठ्ठी आली. घरी सराव होत नसेल तर ठकीला त्याच वर्गात ठेवावं लागेल. मी सही करून परत पाठवली. सराव होतो, असं लिहिलं. कोणता, ते लिहिलं नाही: मी तिला पुन्हा बा, स्के, ट असंच सांगते आहे. बरोबर काय ते आता मला कळतं, तरीही.

ताई

२० मार्च

वहिनी,

आज साडेपाचला कामावरून आले तर दार लोटलेलं. ठकी टेबलापाशी बसली होती. स्टूल कपाटाला लावलेलं. कपाटावरचं बुटांचं खोकं टेबलावर. तुझी अकराही पत्रं तारखेप्रमाणे मांडलेली.

तिच्या हातात पेन्सिल होती. आधीच्या दहा पत्रांत तू रेघा मारल्या नव्हत्यास ना? त्या तिने मारल्या होत्या. प्रत्येक मोठ्या शब्दावर बारीक उभ्या रेघा, पहिल्या पत्रापासून. रबराने खोडलेल्या, पुन्हा मारलेल्या. दोन-चार ठिकाणी माझ्या रीतीने तोडलं होतं आणि तिथे तिने फुली करून परत तोडलं होतं.

हे एका दुपारचं काम नव्हतं. मी कामावर असते तेव्हा रोज खोकं खाली येत होतं आणि मी यायच्या आत वर जात होतं. मला कळलं नाही. माणसाचं अस्तर दिसतं म्हणणाऱ्या मला.

"बस ना आत्या," ती म्हणाली.

मी बसले. चपला काढल्या नव्हत्या.

तिने अकरावं पत्र घेतलं आणि वाचून दाखवलं. मी दाखवते तसंच, एक वाक्य इंग्रजी, मग त्याचं मराठी. मांजर आली. खिडकी आली. दुसऱ्या पानावर मी जिथे थांबले होते तिथे ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली.

"आत्या लिहिते तू माझ्याकडे यायला नको म्हणालीस. खरं का? खरं असलं तरी मी रागावणार नाही."

मग म्हणाली, "हे तू वाचलं नव्हतंस."

"राहिलं असेल."

तिने दहावं पत्र पुढे केलं. "यात पण राहिलं." नववं. "यात पण. यात तर आईने चित्र काढलंय खोलीचं. मला वाटलं होतं हा कोपरा उंदराने खाल्ला."

तो कोपरा मी कापला होता. तो मी फेकला नाही, खोक्याच्या तळाशी होता. तिला तो मिळाला होता.

"विसरले," मी म्हटलं.

"अकरा वेळा कोण विसरतं?"

मला हसू आलं, वहिनी. माझा भाऊ असाच विचारायचा, हात कमरेवर ठेवून. मी हसले ते तिला आवडलं नाही.

"मी नको कधी म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस."

"मग कोणी म्हटलं?"

"मी."

"माझ्या नावाने?"

"हो."

मला वाटलं रडेल. ती टेबलाच्या कडेवर नख घासत बसली. मग म्हणाली, "आईला वाटलं असेल मी कट्टी केली. इतके दिवस."

मी वाकून चपला काढल्या.

तुला हे सांगायला हवं: ती मला सांगायची आणि मी इंग्रजीत लिहून पाठवायची, त्या प्रत्येक उत्तराची शेवटची ओळ माझी होती. "मी इथे मजेत आहे" ही माझी. "तू घाई करू नकोस" ही माझी. ती सांगायची ती ओळ बहुधा "आई, कधी येशील?" अशी असायची. ती मी लिहायची नाही. तुझ्याकडच्या पत्रांतून शेवटची ओळ काढून टाक, राहिलेलं तिचं आहे.

भाऊ गेल्यावर सहा महिन्यांनी तू नोकरी धरून निघालीस, तेव्हा मी दारात उभी राहून म्हटलं होतं, जायचं तर एकटी जा. तू एकटी गेलीस. मला वाटलं होतं तू भांडशील. भांडली नाहीस म्हणून संशय आला. तेव्हापासून रोज वाटतं की तू उरलेलं न्यायला येशील. दारावर थाप पडली की आधी ठकीला आतल्या खोलीत पाठवते. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हाही पाठवलं होतं. त्यांनी खिडकी बघितली, कारण पोर कुठे दिसत नव्हती.

ठकीने कागद मागितला. दिला. तिने माझ्याकडे पाठ केली आणि कागदाभोवती हाताचं कुंपण घालून लिहायला लागली. इंग्रजीत. अर्धा तास. अधूनमधून ओठ हलत होते. मी भात टाकला. एकदा तिने न वळता विचारलं, "आत्या, 'टुगेदर' तीन का चार?"

"तीन," मी म्हटलं.

तिने स्वतः म्हणून बघितलं. मग लिहिलं.

जेवताना तिने दुसऱ्यांदा भात मागितला. पाकिटावर पत्ता मी लिहून दिला, कारण तिचं अक्षर मोठं येतं. डिंक तिने लावला. बोटाने चार वेळा दाबला. वर पेन्सिलीने एक रेघ ओढली, अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर. कोणी उघडून परत चिकटवलं तर रेघ जुळणार नाही, असं मला सांगितलं. हे तिला कोणी शिकवलं नाही. तिचं तिला सुचलं.

आत काय आहे ते मला माहीत नाही. तुला मिळेल ते तिचं असेल, माझं त्यात काही नाही. 'येते' असेल तर मे महिन्यात ये, मी दार उघडीन. 'राहते' असेल तर तुला ते खरं वाटणार नाही, मला कळतं. मलाही वाटलं नसतं. तरी तू विश्वास ठेव. हे सांगण्याचा अधिकार मी घालवला आहे, तरी सांगते.

ती आता झोपली आहे. पलंगाच्या तिच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून.

ताई

२१ मार्च, सकाळ

काल रात्री हे पाकिटात घातलं नव्हतं, म्हणून चार ओळी.

सकाळी मी तिला म्हटलं, पोस्ट माझ्या वाटेवर आहे, तुझं पाकीट माझ्याकडे दे. तिने ते दप्तरात घातलं आणि पट्टा आवळला. बाईंकडे देणार म्हणाली. डबा घेतला, वेणी घालून घेतली आणि शाळेत गेली. हे पत्र मी वेगळं टाकते आहे.